कोंबडीचं दुसरं अंडं

९ मार्च

दादा,

कागदावर लिहिते आहे, कारण बाकीच्या वाटा तू बंद केल्या आहेस. काल सकाळपासून कोंबडीच्या पानावर माझ्या नावापुढे 'लिहिण्याची परवानगी नाही' असं येतं. कारण म्हणून तू 'चर्चा वैयक्तिक झाल्यामुळे' असं दिलं आहेस. फोन वहिनी उचलते आणि 'ते मीटिंगमध्ये आहेत' म्हणते. रविवारीही म्हणाली. पोस्टमनला अडवणारं बटण अजून कोणी केलेलं नाही, म्हणून हे पाकीट.

रिपोर्ट लिहिताना वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून लिहावं, हे तूच शिकवलंस. तसंच लिहिते.

आत्यासाठी तू गोळ्यांची पेटी बनवलीस. आतला प्रोग्राम आपण दोघांनी लिहिला आणि जगाला फुकट दिला. कोणीही बघावा, वापरावा, चुका सांगाव्यात. वेळ झाली की पेटी कुकुक करते आणि वाटीत एक गोळी टाकते. पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली, "अगंबाई, कोंबडीने अंडं घातलं!" आणि तेच नाव राहिलं. आता कुठकुठल्या देशांतली माणसं, ज्यांना 'ड' धड म्हणता येत नाही, रोज कोंबडी, कोंबडी असं टाइप करतात.

जानेवारीत आत्या तिच्या कटिंगच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाची गोळी दुप्पट गेलेली दिसते. बाबांनी पेटी उघडली, तर गोळ्या असायला हव्या त्यापेक्षा कमी. आत्या म्हणाली, "कोंबडी कधीकधी दोनदा अंडं घालते." तू संध्याकाळी आलास, पेटीला लॅपटॉप जोडलास आणि सगळ्यांना सांगितलंस, नोंद रोज एकाच गोळीची आहे. म्हणजे जास्तीच्या गोळ्या आत्यानेच झाकण उघडून घेतल्या आणि ती विसरली.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. मशीनला खोटं बोलून काय मिळायचंय?"

मी त्याच आठवड्यात बग नोंदवला. 'पेटी कधीकधी एकाच वेळची गोळी दोनदा देते.' मला तो पुन्हा घडवून दाखवता आलेला नाही, हेही त्यातच लिहिलं. म्हणून तो उघडा ठेवला होता. तू मधे दोनदा 'पुन्हा घडत नाही ना?' असं विचारलंस. परवा खाली लिहिलंस, 'वापरणाऱ्याची चूक. बंद.'

आपल्या प्रोजेक्टचा एक नियम आहे. ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं. तो तू पहिल्या पानावर घातलास तेव्हा लोकांनी कौतुक केलं होतं. त्यांना ठाऊक नाही की तो सायकलवरून आला. माझ्या सायकलची चेन निघायची. तू काहीतरी ठोकायचास आणि "झालं!" म्हणून निघून जायचास. मी रडत परत यायचे. शेवटी तूच म्हणालास, "चेन निघते असं तू म्हणालीस ना? मग निघत नाही हेही तूच म्हणायचं. तोपर्यंत मी सुटलो नाही."

मी म्हटलेलं नाही.

बग परत उघड. नाहीतर मला पटेल असं काहीतरी दाखव, मी स्वतः बंद करीन.

— खुसपट
(नाव तूच ठेवलंस. मी फक्त त्याला जागते.)


२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर बाबांच्या फोनवर आलं. बाबांनी ते मला चष्मा सावरत मोठ्याने वाचून दाखवलं. "खुसपटला सांगा, जगातली प्रत्येक गोष्ट बग नसते. काही गोष्टी म्हातारपण असतात."

आत्या तेव्हा अजून घरीच होती, शेजारीच बसली होती. तिने मान हलवली. तुझ्या बाजूने.

घरची खबर. आत्याला सोमवारी वृद्धाश्रमात ठेवलं. बाबा त्याला 'निवास' म्हणतात. जायचं आत्याच म्हणाली, असं बाबा सगळ्यांना सांगतात, आणि ते शब्दशः खरं आहे. पडल्यापासून ती दार लावून आली की परत उठून बघायला जायची. गॅस बंद केला की माझ्याकडे बघायची. मी "बंद आहे" म्हटलं की "बघ हं, माझं काही सांगता येत नाही," म्हणायची. जिने या घरातल्या सगळ्यांची मापं कधी कागदावर लिहिली नाहीत, ती स्वतःच्या हाताने फिरवलेलं बटण मला विचारायला लागली. मग एक दिवस बाबांना म्हणाली, "मला कुठेतरी ठेव रे. उद्या माझ्या हातून घर जळलं तर?"

बाबा म्हणाले, "तसं काही नाही गं ताई." आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला गेले.

बाबांची फी आत्याच्या शिलाईच्या पैशांतून गेली आणि आई गेल्यावर आपल्या दोघांचं सगळं, माझी वेणीफणीसुद्धा, तिनेच केलं, हे इथे लिहिण्याचं कारण नाही. लिहिलं गेलं.

बॅग तिने डाव्या हाताने भरली. मेजर टेप घेतला, कात्री ठेवून दिली. खोलीतून निघताना म्हणाली, "माझंच चुकलं असणार. दादा एवढा शिकलेला, त्याचं मशीन कसं चुकेल?"

पेट्या बनवणाऱ्या त्या कंपनीने कोंबडी घेतली आणि तुला तिथे कोंबडीचा प्रमुख केलं, हे बाबांकडून कळलं. तुझं अभिनंदन करायचं राहिलं होतं.

बग अजून बंदच दिसतो.

— खुसपट


५ एप्रिल

दादा,

आज निवासात गेले होते. खोली बरी आहे. दोन पलंग, एक खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. शेजारच्या पलंगावरच्या आजी दिवसभर झोपतात, त्यामुळे आत्याला त्या फार आवडतात.

मी पोचले तेव्हा तिथली मदतनीस मुलगी दारातच उभी होती. "ताई, तुमच्या आजींना जरा समजवा हो. सकाळी माझा फोन चार्जिंगला लावला, ह्यांनी बटण बंद केलं. पाण्याचं मशीन बंद. काल तर मालिका चालू असताना टीव्ही बंद!"

आत्या म्हणाली, "कोणी बघत नव्हतं. सगळ्या झोपल्या होत्या."

"त्या झोपल्या असतील, मालिका चालू होती ना!"

"मग मालिकेला झोपायला नको?"

मुलगी हसत हसत गेली. मी हसले नाही. मी आत्याकडे बघत राहिले, आणि तिला वाटलं मी रागावले आहे.

"अगं, काम झालं की बटण बंद," ती म्हणाली. "इस्त्री चालू राहून त्या गणवेशाला भोक पडलं ना, तेव्हापासून. इस्त्रीने एकदा शिकवलं ते पुरे."

भोकाची गोष्ट तुला पाठ आहे. आपण दोघं ती ऐकतच मोठे झालो.

मी विचारलं, "आत्या, कोंबडीचं पण बटण बंद करायचीस?"

"बटण काय, पिनच काढायचे. माझ्या खोलीत प्लग एकच नाही का? आधी कोंबडी. गोळी घेतली की तिची पिन काढून इस्त्री. इस्त्री झाली की परत कोंबडी."

"आणि परत लावली की?"

ती जरा थांबली. आजकाल ती प्रत्येक वाक्याआधी थांबते, खिसा चाचपावा तशी.

"कधीकधी ओरडायची. मी म्हणायचे, अगं आत्ता तर घातलंस! पण दादा म्हणाला होता ना, आत्या, तुझ्या डोक्यावर विसंबू नकोस, कोंबडी सांगेल ते खरं. मग घ्यायचे."

हे तिने जानेवारीत का सांगितलं नाही, असं तू विचारशील. तिला कोणी विचारलं नाही. सगळे पेटीकडे बघत होते.

मला काय सुचलं हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला तो प्लग ठाऊक आहे. दहावीला तू त्याच प्लगवर टेबललॅम्प लावायचास आणि इस्त्रीवरून आत्याशी भांडायचास.

तपासते आणि कळवते.


१२ एप्रिल

घडवून दाखवता आला.

काय केलं: आत्या पडली त्या दिवशी तिच्या पेटीत जो प्रोग्राम होता, तोच शोधून माझ्याकडच्या पेटीत टाकला. आपल्या प्रोजेक्टमध्ये जुनं काही फेकलं जात नाही, प्रत्येक व्हर्जन जागेवर असतं, त्यामुळे वेळ लागला नाही. गोळ्यांच्या जागी पेपरमिंट भरले. कोंबडी ओरडली, एक पेपरमिंट पडला. पिन काढली. इस्त्री लावली, एका शर्टाला इस्त्री केली. पिन परत लावली.

काय व्हायला हवं होतं: काहीही नाही.

काय झालं: कोंबडी ओरडली आणि दुसरा पेपरमिंट पडला. नोंदीत गोळी एकच.

कारणही सापडलं. आधी पेटी गोळी दिल्याबरोबर तशी नोंद करायची. नोव्हेंबरमध्ये तू ते बदललंस, का तर सारखं लिहून मेमरीची चिप लवकर झिजते आणि कंपनीला ती जास्त टिकायला हवी होती. म्हणून नोंद तासातून एकदा. तोपर्यंत पेटी ती नुसती ध्यानात ठेवणार. मधेच वीज गेली की ध्यानातलं गेलं. परत वीज आली की पेटीला वाटतं, सकाळची गोळी राहिली. ती ओरडते. पहिल्या गोळीची नोंद कुठेच नसते, दुसरीची होते. विसरत होती ती कोंबडी.

बदल वाईट नव्हता. घरातली पेटी कोण रोज प्लगमधून काढतं? फक्त आत्या. तिची सवय तुझ्या ध्यानात आली नाही, एवढंच असतं तर मी हे पत्र निराळं लिहिलं असतं.

मग मी तेच सगळं आजच्या प्रोग्रामवर करून पाहिलं. काही झालं नाही. तिसऱ्यांदा केलं, शर्टाची घडी करवतीसारखी झाली, काही झालं नाही. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हा बग दुरुस्त केला होता. आणि कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं.

प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीवर ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव असतं. मी ती ओळ काढली. नाव तुझं. तारीख आत्याला प्लास्टर घातलं ती. बदलाचं वर्णन: 'किरकोळ साफसफाई'.

त्या संध्याकाळी तू कटिंगच्या टेबलावर बसला होतास. मी तुला चहा आणून दिला. तू स्क्रीन जराशी तिरकी केलीस. मला वाटलं, डोळ्यांवर उजेड येत असेल, म्हणून मी पडदा ओढला.

मी पडदा ओढून दिला, दादा.

मग तू पेटीत नवा प्रोग्राम टाकलास, बाहेरच्या खोलीत आलास आणि बाबांना म्हणालास, "पेटी ठीक आहे." त्या क्षणी ती ठीक होती. तू खोटं बोलला नाहीस. तुझी ही पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला एवढंच वाटत होतं की ती बाहेरच्यांसाठी आहे.

त्यानंतर मी दोन महिने नव्या प्रोग्रामवर जुना बग शोधत बसले, आणि तू वरून विचारत होतास, 'पुन्हा घडत नाही ना?'

दिवसा मी लिफ्टची पॅनेलं तपासते. लिफ्ट चुकली तर माणूस मधल्या मजल्यावर अडकतो आणि ओरडतो, मग सगळ्यांना कळतं. आत्या ओरडली नाही. तिने मान हलवली.


२० एप्रिल

पत्र मिळालं म्हणून तू फोन केलास. 'खुसपट' न म्हणता माझ्या नावाने हाक मारलीस, तेव्हाच कळलं की तू घाबरला आहेस.

आपलं बोलणं मी लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे कोणाला काय आठवतं यावरून वाद नको. या घरात आता आठवणीवर कोणाचा विश्वास उरलेला नाही.

तू म्हणालास, "दोन आठवडे थांब फक्त. कंपनीची अट आहे, गंभीर बग एकही उघडा नको. सह्या झाल्या की मी स्वतः सगळं लिहीन."

"सह्या मार्चमध्येच झाल्या ना?"

"ऑडिट बाकी आहे. तुला नाही कळणार."

"आणि आत्या?"

"आत्याचं वय झालंय गं. आज ना उद्या..."

"आज ना उद्या काय?"

मग म्हणालास, "तिथे तिच्याकडे लक्ष देतात. घरी दिवसभर एकटी तर असायची."

"तिला विचारलंस?"

"बाबांनी विचारलं असेल."

"तुला विचारतेय."

"हे बघ, दुरुस्त तर केलं ना मी? त्याच दिवशी केलं! मला वाटलं, दुरुस्त केलं की संपलं."

यातलं शेवटचं वाक्य मला खरं वाटलं. खरं वाटलं म्हणून बरं वाटलं असं नाही.

मग तुझा आवाज चढला. "घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस."

"चव्हाटा तूच बांधलास, दादा. त्यालाच ओपन सोर्स म्हणतात."

फोन तू ठेवलास.

आता मी काय केलं ते. मला तुझ्या पानावर लिहिता येत नाही, पण कोंबडी सगळ्यांची आहे. मी तिची सबंध प्रत काढून माझ्या नावावर ठेवली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: नोव्हेंबर ते जानेवारीमधला प्रोग्राम ज्यांच्या पेटीत असेल त्यांनी तो ताबडतोब बदलावा, पिन काढून परत लावली की पेटी गोळी दोनदा देते. मग तोच बग पुन्हा नोंदवला, घडवून दाखवायच्या पायऱ्यांसकट. 'किरकोळ साफसफाई' हे शब्द त्यात आहेत, अवतरणचिन्हांत. तुझ्याबद्दल एकही विशेषण नाही. शोधून बघ.

दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दूरच्या गावातल्या निवृत्त बसड्रायव्हरने खाली लिहिलं. त्यांच्याकडे वीज सारखी जाते. त्याची बायको पेटी दोनदा वाजते म्हणत होती आणि तो तिला वेंधळी म्हणत होता. तिने वैतागून भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली होती. तो लिहितो, 'आज मी त्या रेघा मोजल्या आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, भिंत पण तूच पुसायची.'

तुझ्या पानावर अजून काही नाही.


२ मे

दादा,

रविवारी बाबांना घेऊन निवासात गेले. पिशवीत जुन्या प्रोग्रामची पेटी, इस्त्री आणि बाबांचा चुरगळलेला शर्ट. बाबा रिक्षात विचारत होते, "हे काय प्रदर्शन लावणार आहेस?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त बसा."

आत्याला म्हटलं, घरी करायचीस तसंच कर. ती आधी तयार होईना. "नको गं, परत काही चुकलं म्हणजे?" मग मी पेपरमिंट दाखवले. ते बघून ती बसली.

कोंबडी ओरडली. आत्याने पेपरमिंट तोंडात टाकला. पिन काढली. डाव्या हाताने इस्त्री केली, कॉलर आधी, मग बाह्या. इस्त्रीची पिन काढली, कोंबडीची लावली.

कुकुक.

वाटीत दुसरा पेपरमिंट पडला. शेजारच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या.

आत्या वाटीकडे बघत राहिली. मग बाबांकडे वळली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मी हेच सांगत होते ना रे तुला?"

"हो ताई."

"नाही, नीट सांग. मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस." बाबांनी चष्मा काढला. त्यांना तो पुसायला काही सापडेना, तेव्हा आत्याने आत्ताच इस्त्री केलेला शर्ट पुढे केला.

मग बाबांनी मला विचारलं, "दादाला हे ठाऊक होतं?"

मी वाटेत ठरवून ठेवलं होतं की विचारलं तरच सांगायचं. "हो. त्याच संध्याकाळी."

"आणि मी म्हणालो होतो, मशीनला..." बाबा म्हणाले.

आत्या काय बोलेल याची मला भीती होती. तू तिचा लाडका. मला वाटलं, म्हणेल, लेकरू आहे, घाबरलं असेल. खरं सांगायचं तर तसं म्हणू नये म्हणून मी दात आवळून बसले होते. तिने पेपरमिंट चघळून संपवला, आणि जे बोलली ते तुला जसंच्या तसं पोचवायला सांगितलं आहे. मी एक शब्द बदललेला नाही:

"त्याला म्हणावं, मला येऊन विचारलं असतंस तर मी स्वतः सगळ्यांना सांगितलं असतं की मीच विसरले. तुझ्या नोकरीसाठी सांगितलं असतं. हसत सांगितलं असतं. पण तू विचारलं नाहीस. माझं डोकं माझ्या नकळत गहाण टाकलंस, आणि मी इथे बसून ते शोधत होते."

मग ती उठली आणि बॅग काढली. बाबांनी विचारलं, "आत्ता? लगेच?" ती म्हणाली, "मग काय, मुहूर्त बघू?"

मदतनीस मुलगी फाटकापर्यंत आली. "आजी, आता बटणं कोण बंद करणार?" आत्याने तिला सांगितलं की तिच्या गणवेशाचा खांदा अर्धा इंच मोठा शिवलाय, घरी ये, करून देते. मग रिक्षात बसल्यावर स्वतःचं मनगट बघितलं आणि म्हणाली, "तिला सांगायला हवं होतं, वेळ लागेल."


१ जून

दादा,

तू माझी परवानगी परत दिलीस आणि बग परत उघडलास. तुझ्या पानावर सूचना लावलीस. तिच्याखाली लिहिलंस, 'दोष माझ्या बदलातला होता. वापरणाऱ्याची चूक नव्हती.' मी वाचलं. दोनदा वाचलं. वाक्यरचना चांगली आहे. कर्ता स्पष्ट आहे.

काल तुझा निरोप आला. आता सगळं दुरुस्त आहे, सगळ्यांना कळवून झालं आहे, कंपनीला एकही गंभीर बग उघडा चालत नाही, तेव्हा 'नियमाप्रमाणे तू तो बंद करावास'. नियम तुला आठवला हे बरं झालं.

पण त्यात एक अडचण आहे. मी नोंद दुरुस्त केली आहे. 'नोंदवणारी' या रकान्यात माझं नाव चुकीचं होतं. हा बग सगळ्यात आधी आत्याने सांगितला, तोंडी, जानेवारीत, आपल्या सगळ्यांसमोर. मी फक्त टाइप केला. तेव्हा बंद करायचा अधिकार तिचा.

म्हणून आज दुपारी तिच्या खोलीत गेले. ती डाव्या हाताने कटिंग करायला शिकते आहे. कापड वाकडं जातं, मग ती कापडाला शिव्या घालते. गोळ्या ती आता साध्या डबीतून घेते. कोंबडी कपाटावर आहे, वायर गुंडाळून.

मी सगळं समजावून सांगितलं. दुरुस्त झालंय, लोकांना कळवलंय, आणि दादा विचारतोय, बंद करायचं का?

तिने कात्री खाली ठेवली. "बाबांना त्याने सांगितलं?"

"नाही. मीच सांगितलं होतं, तुझ्यासमोर."

"मला?"

"पानावर लिहिलंय त्याने."

"ते जगाला लिहिलंय. मला सांगितलं?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. आता वाक्याआधी ती पूर्वीइतकी थांबत नाही.

"मग राहू दे उघडं," ती म्हणाली.

इस्त्रीचं बटण बंद केलं, पिन काढली, आणि बाहेर गेली. मी अजून खोलीतच बसले होते. जाता जाता तिने माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.